दुधाशिवाय कॅप्सूल

१२ ऑक्टोबर, रविवार. वडनेर.

माय,

आज सकाळी बाबांची शेवटची कॅप्सूल झाली. त्यांनी अर्धी भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली, कॅप्सूल घेतली आणि दारातल्या खुर्चीवर बसले. ताप नाही. शेजारच्या वावरात सोयाबीन काढणं चालू आहे, थ्रेशरचा आवाज दिवसभर येत होता. मी त्यांची अंथरुणं उन्हात टाकली, गाईला पाणी पाजलं, दुपारी थोडी पडले. चार वाजता दूध दिलं. आता ते काठी घेऊन स्टँडकडे गेले आहेत, किती दिवसांनी. उद्या सकाळच्या बसनं मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेला माझ्या घरी परत जाईन आणि तशीच ऑफिसात जाईन. एवढाच दिवस झाला.

तुला जाऊन फार वर्षं झाली. मी कधी तुला असं काही लिहिलेलं नाही, आणि हे लिहूनही कुठे टाकायचं नाही हे मला ठाऊक आहे. पण या दिवसांत या घरात तुझी एक गोष्ट मी मोडली. ती मोडली म्हणून बाबा बरे झाले असं मला वाटतं. हे तुला सांगितल्याशिवाय इथून निघू नये असं वाटलं.

गोष्ट दुधाची आहे. तुझ्या राज्यात या घरात कोणीही गोळी पाण्यासोबत घेतली नाही. दवाखान्यातली प्रत्येक गोळी तुझ्या हिशेबानं गरम. त्यातही कॅप्सूल म्हणजे सगळ्यात गरम. त्यामुळे ती दुधासोबतच जायची, आणि दूधही असं तसं नाही, चुलीवर सायीला येईपर्यंत तापवलेलं, चिमूटभर हळद टाकलेलं, काठ असलेल्या पितळी वाटीत. कॅप्सूलचं टोपण आतड्याला चिकटतं असं तुला कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून तू ती दोन्ही हातांनी उघडायचीस, भुकटी दुधात झटकायचीस आणि चमच्यानं ढवळायचीस. घरात कोणी आजारी पडलं की बाकीच्यांना कोरा चहा. गाय एकच, दूध तेवढंच. आम्ही तोंड वाकडं केलं की म्हणायचीस, "आजारी पडा ना मंग, तुमालेही भेटन."

तुला आठवत असेल, बाबांचा हात जिनिंगमध्ये सापडला होता. तेव्हा ते हिंगणघाटच्या जिनात, सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, फिटर होते. हात वाचला, पण जखम चिघळली आणि डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या. मी सातवीत असेन. एक दिवस तू वावरातून यायला उशीर केलास, म्हणून मी बाबांना पेल्यात पाणी आणि कॅप्सूल दिली. मला वाटलं, मी मोठं काम केलं. तू दारात आलीस, डोक्यावरचा भारा खाली टाकला आणि रिकामा पेला पाहिलास. "कोऱ्या पाण्यासंगं देल्ली काय वं? आतडं जाळशीन बापाचं!" बाबा हसत म्हणाले, "जाऊ दे ना बाप्पा, मेलो नाई अजून." तू त्यांच्याकडे पाहिलंही नाहीस. तशीच पाय न धुता चुलीपाशी गेलीस, दूध तापवलंस, आणि कॅप्सूल पोटात गेल्यावर का होईना, ते दूध त्यांना पाजलंस. ते पिऊन होईपर्यंत तू त्यांच्या समोर पाटावर बसून होतीस. त्यांना लवंडू द्यायची नाहीस. दूध इतकं कढत असायचं की संपायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ तू बसायचीस. दिवसभरात तू बसलेली मला तेवढीच आठवतेस.

तू गेल्यावर बाबांनी तुझं बरंच काही सोडलं. सणाला पुरण करणं सोडलं, अंगण सारवणं सोडलं, तुझी ती शेवंतीची झाडं वाळू दिली. दूध मात्र धरून ठेवलं. गुडघ्याची गोळी असो की सर्दीची, ते स्वतः गॅसवर दूध तापवतात. हे मला माहीत होतं. त्यात काही बिघडत असेल असं माझ्या मनात कधी आलं नाही.

मागच्या महिन्यात ते धुऱ्यावरचं, वावराच्या बांधावरचं, गवत कापायला गेले होते. त्यानंतर काही दिवसांनी ताप आला. डोकं इतकं दुखे की डोळे उघडवत नव्हते. मी त्यांना वर्ध्याला घेऊन गेले. तिथली डॉक्टर बाई वयानं माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी असेल. तिनं आधी विचारलं, "गवतात, झुडपात गेले होते काय काका?" मग तिनं त्यांचं सगळं अंग पाहिलं. काखा पाहिल्या, मांड्या पाहिल्या, पायजम्याची नाडी सैल करायला लावली. बाबा लाजून छताकडे पाहत होते. नाडीखाली कमरेवर एक काळी खपली होती, विडीचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, खाजत नव्हती, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाली, गवतातला एक डोळ्यांना न दिसणारा किडा चावतो, त्यातून जंतू अंगात जातो, स्क्रब टायफस म्हणतात. रक्त तपासायला पाठवलं, पण वाट न पाहता कॅप्सूल सुरू केल्या. डॉक्सीसायक्लीन. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. बाहेर आल्यावर तिनं मला हळू आवाजात सांगितलं, की याच औषधानं हा ताप बहुतेक दोन-तीन दिवसांत उतरतो, पण नाही उतरला तर वाट पाहू नका. तो छातीत उतरतो, किडनीवर जातो. या वयात ते झेपत नाही.

माझ्याकडे राहा म्हटलं तर बाबा ऐकेनात. गाय कोण पाहणार? ते वडनेरला आले. मी ऑफिसातून फोन करायची, "बाबा, गोळी घेतली काय?" "घेतली ना." पण ताप काही हटेना. चौथ्या दिवशी फोनवर ते बोलता बोलता धापा टाकायला लागले. आणि मग त्यांनी मला विचारलं, "तुही माय कुठं गेली वं, आवाज नाई येत तिचा." मी ऑफिसच्या जिन्यावर उभी होते. तशीच खाली उतरून मी वडनेरची बस धरली.

त्याच दुपारी त्यांना परत नेलं. डॉक्टरनं छाती तपासली, बोटाला चिमटा लावून पाहिला, पुन्हा रक्त घेतलं. मग खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली.

"काका, कॅप्सूल घेता ना?"

"घेतो. टायमावर."

"कशासोबत घेता?"

"दुधासंगं."

"थोडं की जास्त?"

बाबांनी दोन्ही हातांनी वाटी दाखवली. "इतलं. उघडून टाकतो त्याच्यात. टोपन चिकटते ना आतड्याले. आन ते गुडघ्याची क्याल्शियमची गोयी येते, तेही त्याच्यातच. एकदाचं काम होऊन जाते."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं रागावेल. पण ती हसली. "काका, तुम्ही तर औषधाची खीर करून राह्यले."

मग तिनं नीट समजावलं. बाबांना समजावत होती, पण मीच जास्त ऐकत होते. ती म्हणाली, हे औषध जंतूला एकदम मारत नाही. जंतूला जगायला, वाढायला अंगात जे बनवावं लागतं, ते बनवूच देत नाही. तो वाढायचा थांबला की आपलं शरीर त्याला हळूहळू संपवतं. पण त्यासाठी औषध आतड्यातून रक्तात गेलं पाहिजे, आणि रक्तात सारखं राहिलं पाहिजे. दुधात कॅल्शियम असतं, गुडघ्याच्या गोळीत तर तेच असतं. ॲसिडिटीची पातळ दवाई, रक्तवाढीची लोहाची गोळी, यांचंही तसंच. हे सगळं या औषधाला आतड्यातच पकडून ठेवतं. मग औषध रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं.

बाबांचे डोळे तापानं लाल झालेले होते, पण ते ऐकत होते. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "म्हंजे सरकीले रुई चिकटून राह्यते तसं. आन पोटात काई जिन बसवली नाई, वेगळी कराले."

"अगदी तसंच काका."

"मंग तसं सांगा ना."

डॉक्टर मला बाहेर म्हणाली, दुधामुळेच ताप राहिला असं मी खात्रीनं म्हणणार नाही, पण आधी हे दुरुस्त करू. रक्तातला ऑक्सिजन अजून बरा आहे, म्हणून घरी नेऊ देते. कॅप्सूल अख्खी गिळायची, पेलाभर पाण्यासोबत, दोन घोटांत नाही. पोटात थोडं अन्न असू द्या. घेतल्यावर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, कारण ही कॅप्सूल घशात किंवा अन्ननलिकेत अडकली तर तिथे जाळते, जखम करते. दूध, दही, कॅल्शियम दोन-तीन तास सोडून. उन्हात बसायचं नाही, चामडी भाजते. अंगावर पुरळ आलं, तोंड सुजलं, धाप वाढली तर लगेच या. परवापर्यंत ताप उतरला नाही तर भरती करू.

जाळते, असं ती म्हणाली तेव्हा मला तू आठवलीस. दुधाच्या निमित्तानं पोटात काहीतरी जायचं, हे तुझं बरोबर होतं. घेतल्याबरोबर लवंडू नको, हेही बरोबर होतं. गरम म्हणायचीस तेही काही खोटं नव्हतं. फक्त दूध चुकलं, माय. आणि तेही सगळ्या औषधांना चुकतं असं नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं, विचारून घ्यावं लागतं. त्या वेळी हाताच्या जखमेला कुठली कॅप्सूल होती ते आता कोणालाच माहीत नाही.

मी रजा टाकली आणि बाबांसोबत इथे आले. मला वाटलं, त्यांना समजलं आहे, आता प्रश्न नाही. संध्याकाळी मऊ भात कालवून दिला, त्यांनी चार घास खाल्ले. मी पाणी आणि कॅप्सूल समोर धरली. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "दूध आन."

"बाबा, आत्ताच सांगितलं ना डॉक्टरनं."

"सांगतलं. समजलंही. दूध आन."

"त्यानं दवाई लागत नाही."

"तुह्या मायनं मले कधी कोऱ्या पाण्यासंगं गोयी देल्ली नाई. काल आलेली पोट्टी मले शिकवन काय?"

मी समजावलं. तुला माहीत आहे, मला बोलता येत नाही. ऑफिसातही मी कागद पुढे सरकवून काम करते. मी तेच तेच सांगत राहिले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. अंगावरून वाफ निघावी इतका ताप होता. थोड्या वेळानं म्हणाले, "आता राहू दे. सकाळी दोन घेतो." दोन एकदम घ्यायच्या नसतात, चुकली तर आठवेल तेव्हा एक घ्यायची, आणि पुढचीची वेळ आली असेल तर चुकलेली सोडूनच द्यायची, हे मी त्यांच्या पाठीला सांगितलं. मला तुझा राग आला. इतक्या वर्षांनी, तू नसताना, तुझ्याशी भांडायची पाळी आली होती आणि तू जिंकत होतीस.

मी म्हटलं, "बाबा, दूध बंद नाही केलं. दूध देईन ना. रात्रीच्या ऐवजी दुपारी देईन, चार वाजता. हळद टाकून, तापवून. फक्त गोळीसोबत नाही."

भिंतीकडेच तोंड ठेवून ते म्हणाले, "चार वाजता कोन बसन?"

मला आधी कळलं नाही. मी विचारलं, "काय?"

"गोयी घेतल्यावर बसा लागते म्हने ती डाक्टरीन. चार वाजता दूध पेवा लागते. कोन बसन संगं? तू तर चालली जाशीन."

"मी बसते," मी म्हटलं. "गोळी संपेपर्यंत आहे मी. दोन्ही वेळा बसते, चार वाजताही बसते."

ते उठून बसले. मी पाठीशी उशी लावली. त्यांनी कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि पेला हातात घेतला. "सगळं पेवाचं काय?" "सगळं." त्यांनी सगळं पाणी प्यायलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाले, "बेचव." मग आम्ही बसलो.

माय, बाबा आणि मी असे समोरासमोर कधी बसलो नव्हतो. मला वाटायचं आमच्यात बोलायला काही नाही. पहिल्या दिवशी आम्ही गाईबद्दल बोललो. मग जिनातले कोण कोण मेले याबद्दल. मग तुझ्याबद्दल. ते तुझी नक्कल करतात हे मला माहीत नव्हतं. लग्न झाल्यावर पहिल्यांदा तू जिनिंग पाहायला आलीस आणि केसांत रुई भरली म्हणून, "म्हातारी करून टाकलं मले एका दिसात" म्हणालीस, ते त्यांनी तुझ्या आवाजात करून दाखवलं. मी इतकी हसले की त्यांना ठसका लागला. मग एकदा, दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, ते म्हणाले, "ती सोता पाण्यासंगंच घेये."

"कोण?"

"तुही माय. तिले काई झालं का, मोरीपाशी उभी राहून, ओंजळभर पाण्यासंगं गोयी टाके तोंडात. मले म्हने, मले काई होत नाई. मी कधी म्हटलं नाई, बस, दूध तापवून देतो." अर्धा तास होऊन गेला होता, तरी आम्ही बसून होतो.

हे मलाही आठवलं, त्यांनी सांगितल्यावर. मोरीपाशी तू उभी आहेस, पदर खोचलेला, मान मागे टाकलेली, पालथ्या हातानं तोंड पुसते आहेस. घरात नीट गोळी घेणारी बहुतेक तू एकटीच होतीस.

डॉक्टरनं सांगितलेल्या दिवशी पहाटे ताप उतरला. मी हात लावला तर कपाळ गार आणि बनियन घामानं ओलं. मी चूळ भरायच्या आधी अंगणात जाऊन उभी राहिले. घरात आले तर ते जागे होते. म्हणाले, "झुनका कर. तिखट." मग रक्ताचा रिपोर्टही चांगला आला.

ताप गेल्यावर नवं भांडण. "बुखार गेला, आता कायले घेवाची? गाईले दवाई देल्ली तरी बरी झाली का बंद करतो." मी म्हटलं, जंतू थांबलाय, संपला नाही, डॉक्टरनं लिहिल्या तेवढ्या सगळ्या घ्यायच्या, अर्ध्यात सोडलं तर ताप परत येतो. ते म्हणाले, "तू तं डाक्टरीनच झाली." पण घेतली. मला वाटतं त्यांना घ्यायचीच होती. शेजारची काकू आली, तिच्या सुनेला ताप होता. "तुमचा उतरला ना भाऊजी, दोन गोया द्या, तिलेही लागू पडन." तू असतीस तर दिल्या असत्यास, दूधही दिलं असतंस. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकूला म्हणाले, "हे दुसऱ्याची चालत नाई वं. सून काय गवतात गेलती? अन् दिवस तं नाई गेले तिले? दवाखान्यात ने, ते लोकं पाह्यतात सगळं अंग, नाडी सोडून." काकू पदर तोंडाला लावून पळाली. दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन दवाखान्यात गेली. साधा ताप होता, कॅप्सूल लागलीच नाही.

आणि आज सकाळी शेवटची झाली. ते रिकामं पाकीट त्यांनी उलटं-सुलटं करून पाहिलं, एकही राहिली नाही याची खात्री केली. म्हणाले, "झालं बाई तुहं काम. आता जाशीन." मी म्हटलं, "येईन ना पुढच्या रविवारी." "येजो," म्हणाले, आणि पायताण शोधायला लागले.

हे कोणाला सांगता येत नाही म्हणून तुला सांगते. बाबा बरे झाले याचा मला आनंद आहे, इतका की मी रोज देवाला हात जोडते, जे मी कधी जोडत नसे. पण सकाळी ते पाकीट रिकामं झालं तेव्हा मला थोडं वाईट वाटलं. अजून दोन-चार दिवसांच्या कॅप्सूल असत्या तर बरं झालं असतं, असं क्षणभर मनात आलं.

नळ आला आहे. स्वयंपाकघरातले पाण्याचे गुंड रिकामे आहेत, आणि मी गेल्यावर ते भरलेले असले तर बाबांना निदान दोन दिवस वाकावं लागणार नाही. बादली लावते.